रिपोर्ट नॉर्मल, मग केस का चाललेत?

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड, कुठूनही गेलात तरी एखाद्या लॅबच्या पाटीवर हल्ली 'हेअर फॉल प्रोफाइल' अशी ओळ दिसते. थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, फेरिटिन, बी-१२, डी-३ आणि शेवटी खोडून कमी केलेली किंमत. अंबडला किंवा सातपूरला नोकरीला लागलेला, पंचविशीतला मुलगा कपाळ मागे सरकताना बघत असतो. तो सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन येतो. संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते आणि सगळे आकडे मर्यादेत असतात. आता तो जास्तच गोंधळतो. 'हार्मोन्स नॉर्मल आहेत म्हणजे कारण दुसरं असणार. शाम्पू? बोअरचं पाणी? हेल्मेट?'

रिपोर्ट खरा आहे. आणि त्याचे केस बहुधा हार्मोनमुळेच जाताहेत. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. हे कसं, ते एकदा समजलं की कुठल्या तपासणीवर पैसे घालायचे आणि कुठल्यावर नाही, हेही बरंचसं कळतं.

केसाचं वेळापत्रक

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं मूळ स्वतःच्या वेळेने चालतं. दोन ते सहा वर्षं केस वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, त्यानंतर मूळ जवळजवळ तीन महिने स्वस्थ बसतं. मग जुना केस गळतो आणि त्याच जागेवर नवा सुरू होतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गळणं हा आजार नव्हे. कंगव्यात अडकलेला केस उजेडात धरून पाहिला तर एका टोकाला बारीकसा पांढरा गोळा दिसतो. 'मुळासकट आला' म्हणून लोक घाबरतात तो हाच. पण ते मूळ नसतं. मूळ कातडीत जागच्या जागी असतं.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. टक्कल पडताना केस गळतात त्यापेक्षा जास्त ते बारीक होतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढीचा काळ सहा वर्षांचा असेल तर केस कंबरेपर्यंत जाईल. तोच काळ आक्रसून सहा महिन्यांवर आला तर केस सहा सेंटिमीटरवरच थांबेल, आणि काही आठवड्यांवर आला तर कातडीबाहेर जेमतेम लव दिसेल. दर फेरीत केस आधीपेक्षा आखूड, पातळ आणि फिका येतो. मुळांची संख्या मोजली तर ती सुरुवातीला फारशी कमी झालेली नसते, पण डोकं मात्र उघडं पडत जातं.

ट्यूबलाइटखाली कपाळाच्या कडेचे केस पांढऱ्या कागदावर आडवे धरून बघा. जाड, काळ्या केसांच्या मधेमधे दोन-तीन सेंटिमीटरचे, जवळजवळ रंग नसलेले केस दिसतील. कितीतरी जण हे बघून खूश होतात, नव्या तेलाने नवीन केस यायला लागले म्हणून. कपाळ मागे जात असलेल्या माणसात ते बहुतेक वेळा येणारे नसतात, जाणारे असतात. त्वचारोगतज्ज्ञ भिंगाच्या कॅमेऱ्यातून नेमकं हेच बघतात: एकाच इंचभर जागेत केसांच्या जाडीत किती फरक आहे. या एका तपासणीतून पुरुषांच्या बाबतीत रक्ताच्या पानभर आकड्यांपेक्षा जास्त कळतं, असं माझं मत आहे.

हार्मोन इथे काय करतं?

हार्मोन म्हणजे एखाद्या ग्रंथीने रक्तात सोडलेलं रसायन, जे दूरच्या अवयवाला काय करायचं ते सांगतं. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे मुख्य. बायकांमध्येही ते असतं, अंडाशयातून आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येतं, पण फार कमी.

केसाच्या मुळात टेस्टोस्टेरॉन पोचलं की तिथलं एक एन्झाइम त्याचं रूप बदलतं. त्या एन्झाइमचं नाव फाइव्ह-अल्फा-रिडक्टेज, आणि तयार होतं ते डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. पुढे त्याला डीएचटीच म्हणू. पेशीत हार्मोनला पकडणारा जो भाग असतो, त्याला म्हणतात रिसेप्टर. टेस्टोस्टेरॉनपेक्षा डीएचटी या रिसेप्टरला जास्त घट्ट चिकटतं आणि जास्त वेळ चिकटून राहतं. टाळूवरच्या मुळांत ते चिकटलं की वाढीचा काळ आखडायचा हुकूम निघतो.

डीएचटी काही खलनायक नाही. गर्भात मुलाचं लिंग त्याच्यामुळे घडतं. वयात येताना दाढी-मिशा त्याच्यामुळेच भरतात. म्हणजे तेच डीएचटी हनुवटीवरचा केस जाड करतं, कपाळावरचा पातळ करतं आणि मानेच्या वरच्या पट्ट्यातल्या केसाला हातही लावत नाही. रक्त तिन्ही ठिकाणी एकच. फरक आहे तो मुळात.

मग जास्त हार्मोन म्हणजे जास्त टक्कल, असं नाही?

नाही. टक्कल असलेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा जास्त असतं, हा समज पारावरच्या गप्पांत फार लाडका आहे. टकल्या माणसांना तो जरा सुखावतोही. पण रक्तात तसा फरक सापडत नाही. प्रौढ पुरुषात टेस्टोस्टेरॉनची नॉर्मल पातळी साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, इतकी रुंद धरतात. ३५० वाला तिशीत टकला होऊ शकतो आणि ९०० वाल्याचा भांग साठीत जागेवर असू शकतो.

हे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला समजावून सांगावं लागत नाही. बागेत मारतात ते जीए, म्हणजे जिब्रेलिक अ‍ॅसिड, हेही एक हार्मोनच, वनस्पतीचं. घड पोपटी असताना फवारलं तर दांडा लांबतो. मणी धरल्यावर घड बुडवले तर मणी फुगतो. थॉमसनसारख्या बिनबियांच्या जातीवर ते जेवढं काम दाखवतं तेवढं बियांच्या जातीवर दाखवत नाही. पाकीट तेच, पाणी तेच. ड्रममधलं द्रावण तपासून माल कसा येणार हे कुणी सांगत नाही. त्यासाठी वेलीपाशी जावं लागतं, जात आणि अवस्था बघावी लागते. लॅबमध्ये आपण तपासतो ते ड्रममधलं द्रावण.

मर्यादेतलं हार्मोन आणि संवेदनशील मूळ एवढं टकलाला पुरतं. डीएचटी बऱ्याच अंशी केसाच्या मुळातच तयार होऊन तिथल्या तिथे काम करतं, त्यामुळे रक्तातलं डीएचटी मोजूनही फारसं हाती लागत नाही. ती तपासणी महाग असते, आणि साध्या पुरुषी टकलासाठी ती करून निर्णय बदलतो असं क्वचितच होतं.

हे कळलं कसं?

लहानपणी खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे ग्रीकांनीही लिहून ठेवलं होतं. हिपोक्रेटिस आणि अ‍ॅरिस्टॉटल दोघांनीही ते टिपलंय. पण कारण सिद्ध व्हायला १९४२ साल उजाडावं लागलं. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. त्यांचं कपाळ लहान मुलासारखं भरलेलं राहिलं होतं. काहींना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर केस विरळ व्हायला लागले. पण सगळ्यांचे नाही, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचेच. हार्मोन बंद केलं तेव्हा विरळ होणं थांबलं, मात्र गेलेले केस परतले नाहीत.

या एका अभ्यासात सगळं आलं. हार्मोन नसेल तर टक्कल नाही, आणि नुसतं हार्मोन असूनही टक्कल नाही.

दुसरा दुवा जुळला १९७४ मध्ये. डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातल्या एका खेड्यात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि तशीच वाढवली जात. वयात येताना त्यांचा आवाज फुटे, स्नायू भरत, लिंग वाढे. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिनली यांच्या गटाने तपासलं तेव्हा त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, पण ते एन्झाइम जन्मतः सदोष होतं आणि डीएचटी फारच कमी बनत होतं. या पुरुषांची दाढी विरळ होती, मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी लहान होती आणि कपाळ मागे सरकत नव्हतं. गुन्हेगार टेस्टोस्टेरॉन नसून त्याचं बदललेलं रूप आहे, हे माणसांतच दिसलं.

औषध कंपन्यांनी यातून जे उचललं त्याचं नाव फिनास्टेराइड. आधी प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी, १९९२ मध्ये. मग अमेरिकेत १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅमची.

मामावर गेलाय की बापावर?

'मामाला टक्कल, म्हणजे भाच्याला पडणार' असं घरोघरी म्हणतात, आणि ते अर्धं बरोबर आहे. त्या रिसेप्टरचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. पण टकलाशी जोडलेले जीन इतर गुणसूत्रांवरही पुष्कळ आहेत, आणि ते आई-वडील दोघांकडून येतात. त्यामुळे दोन्ही घरची डोकी बघावीत. रविवार कारंजावरच्या एखाद्या जुन्या सलूनमध्ये हे निदान फुकटात होतं:

"दादा, भोवऱ्यापाशी पातळ व्हायला लागलंय हं."

"मग काय लावू, काका?"

"लावून काय व्हायचंय? तुमच्या वडिलांचं डोकं माझ्याच हाताखालून गेलंय की."

मग काका मागे दुसरा आरसा धरतात. भोवऱ्याची जागा उघडी, आणि तिच्याखाली कानापासून कानापर्यंतचा पट्टा गच्च भरलेला. ज्या मुळांना डीएचटीचं काही वाटत नाही तो हाच पट्टा. वाटत नाही हे वरच्या अर्थाने, म्हणजे तिथली मुळं त्याला दाद देत नाहीत.

बायकांचं काय?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण वर 'रक्ताचे आकडे फारसं सांगत नाहीत' असं म्हटलं ते पुरुषांबद्दल. बायकांच्या बाबतीत तपासणी कितीतरी वेळा कामाची ठरते.

बायकांचं कपाळ सहसा मागे जात नाही. भांग रुंद होतो. शाळेच्या फोटोत रेघेसारखा असलेला भांग चाळिशीत बोटभर होतो, वेणीचा पेड हातात बारीक लागतो, रबरबँडला एक वेढा जास्त द्यावा लागतो. यातल्या बऱ्याच जणींचं टेस्टोस्टेरॉन नॉर्मलच येतं. पण काहींमध्ये ते खरोखर वाढलेलं असतं आणि त्यातलं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पीसीओएस, म्हणजेच पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. यात इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, म्हणून इन्सुलिन जास्त बनतं. ते अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. शिवाय रक्तातल्या ज्या प्रथिनाने टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवलेलं असतं ते प्रथिनही घटतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. एकूण आकडा मर्यादेत आणि मोकळा आकडा वर, असा रिपोर्ट इथे येऊ शकतो.

ओळखायचं कसं? नुसतं केसांकडे बघू नये. पाळी दोन-दोन महिने लांबते का, हनुवटीवर आणि ओठावर जाड केस येताहेत का, पंचविशी उलटूनही जबड्याच्या कडेला मुरमं आहेत का, मानेची कातडी काळपट, जाडसर झाली आहे का. यातल्या दोन गोष्टी केस विरळ होण्याबरोबर असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि रक्ततपासणीकडे जायला सबळ कारण आहे. काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला, पाळी थांबली, अंगावर केस झपाट्याने वाढले, तर वाट बघू नये. क्वचित अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ असते, तिची ही लक्षणं.

स्तनातून दूध येणं आणि पाळी चुकणं एकत्र असेल तर प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन तपासायचं. एरवी ते पॅकेजमध्ये उगाच असतं.

बाळंतपणानंतरचं गळणं हा वेगळा मामला. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन भरपूर असतं आणि ते केसांना वाढीच्या टप्प्यात धरून ठेवतं, म्हणून त्या महिन्यांत केस दाट दिसतात. बाळंतपण झालं की इस्ट्रोजेन एकदम खाली येतं आणि थांबून राहिलेले हे सगळे केस एकदमच विश्रांतीला जातात. विश्रांती तीन महिन्यांची, म्हणून गळती सुरू होते ती दोन ते चार महिन्यांनी. बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, असं आज्या सांगतात, त्यात हिशेब बरोबर जुळतो. कारण बाळाच्या हसण्यात नसतं एवढंच. सहसा वर्षभरात केस पूर्वपदावर येतात. ते आले की श्रेय त्या महिन्यात जे तेल चालू असेल त्याला जातं.

हीच तीन महिन्यांची चाल डेंग्यूनंतर, मोठ्या ऑपरेशननंतर, लग्नाआधी उपाशी राहून आठ-दहा किलो उतरवल्यावरही दिसते. केस गळायला लागले की गेल्या आठवड्यात काय खाल्लं हे आठवू नका, तीन महिन्यांपूर्वी काय झालं ते आठवा.

थायरॉइड

थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं तरी केस जातात आणि जास्त झालं तरी जातात. गळती डोकंभर सारखी असते, भोवरा किंवा कपाळ असा नेम नसतो. कमतरतेत भुवईचं बाहेरचं टोक विरळ होऊ शकतं. टीएसएच ही तपासणी स्वस्त आहे आणि उपचार सोपा, म्हणून डोकंभर गळत असेल तर ती करून घ्यावी, विशेषतः बायकांनी. गोळी सुरू केल्यावर केसांना मात्र काही महिने लागतात. टीएसएच महिन्या-दोन महिन्यांत जाग्यावर येतो आणि केस येत नाहीत म्हणून गोळी सोडून देणारे भेटतात. तसं करू नये.

जिममधली पोरं विचारतात ते

व्हे प्रोटीनने केस जातात का, क्रिएटिनने जातात का? क्रिएटिनची भीती आली २००९ मधल्या दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंच्या एका छोट्या अभ्यासातून. त्यात आठवडाभर भरपूर क्रिएटिन घेतल्यावर रक्तातलं डीएचटी ५६ टक्क्यांनी वाढलं, तरी ते मर्यादेतच होतं. आणि त्या अभ्यासात कुणाच्याही डोक्यावरचे केस तपासलेच नव्हते! एवढ्याशा दोरीवर गेली कित्येक वर्षं अख्खी अफवा वाळत घातली आहे.

इंजेक्शनातून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन आणि 'गिअर' म्हणून मिळणारी स्टेरॉइडं ही गोष्ट मात्र गंभीर आहे. इथे रक्तातली पातळी शरीराने कधी न पाहिलेल्या उंचीवर जाते. ज्याचं मूळ संवेदनशील आहे त्याचं दहा वर्षांचं टक्कल एका-दोन वर्षांत उरकू शकतं. वृषण आखडणं, शुक्राणू कमी होणं, हृदयावर ताण येणं हे आणखी. हॅमिल्टनने १९४२ मध्ये पाहिलं तेच आता आरशासमोर चाललंय. पुन्हा तोच नियम: घराण्यात टक्कल नसलेल्याचे केस कदाचित शाबूत राहतील, आणि तो बाकीच्यांना 'मला तर काही नाही झालं' असं सांगत फिरेल.

हस्तमैथुनाने टक्कल पडतं का, हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो. नाही पडत.

पाणी, हेल्मेट, मुंडण

गंगापूर धरणाच्या नळाच्या पाण्यावर वाढलेला माणूस नव्या वसाहतीत बोअरच्या पाण्यावर गेला की 'पाणी लागलं नाही' म्हणतो. जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, मधूनच तुटतात. हे सगळं कातडीबाहेरच्या केसाचं, तो भाग निर्जीव असतो. मुळापर्यंत आणि डीएचटीपर्यंत बादलीतलं पाणी पोचत नाही. तुटलेला केस ओळखू येतो, त्याच्या टोकाला तो पांढरा गोळा नसतो.

२०२१ मध्ये नाशिकच्या पोलिसांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी मोहीम काढली, तेव्हा केस जातील ही सबब पंपापंपावर ऐकू आली. मुळाला लागणारा प्राणवायू रक्तातून येतो, त्याला उघड्या हवेची गरज नसते. घाम आणि कोंडा वाढला तर खाज येईल, त्यावर आतून सुती रुमाल पुरतो.

रामकुंडावर मुंडण केल्यावर केस दाट येतात असं वाटतं, कारण कापलेलं टोक बोथट असतं आणि हाताला जाड लागतं. वस्तरा मुळाच्या वरून फिरतो, मुळाला त्याचा पत्ता नसतो.

मग डीएचटी कमी करायचं औषध का घेऊ नये?

घेता येतं, आणि बऱ्याच पुरुषांना लागूही पडतं. फिनास्टेराइड त्या एन्झाइमला अडवतं आणि रक्तातलं डीएचटी साधारण ६० ते ७० टक्क्यांनी उतरतं. टेस्टोस्टेरॉन मात्र उतरत नाही, उलट किंचित वाढतं. 'पुरुषी हार्मोन बंद करणारी गोळी' हे वर्णन म्हणून चुकीचं आहे.

तरीही ही दुकानातून उचलून खायची गोळी नव्हे. चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांना लैंगिक त्रास जाणवला. औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २.१ टक्के होतं. फरक लहान आहे, पण शून्य नाही, आणि काहींनी औषध थांबवल्यावरही त्रास राहिल्याचं सांगितलं आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. आधी नैराश्य होऊन गेलं असेल तर डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. गरोदर बाईने या गोळीचा चुरा हाताळूही नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या लिंगाची घडण डीएचटीवर असते. डॉमिनिकन रिपब्लिकची गोष्ट इथे पुन्हा कामाला येते. पन्नाशीपुढच्या पुरुषाने प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगावं, कारण आकडा जवळजवळ निम्मा दिसतो.

मिनॉक्सिडिलचा हार्मोनशी संबंध नाही. ते मुळात रक्तदाबाचं औषध, ज्याने रोग्यांच्या अंगावर केस वाढले. टाळूला लावायचं रूप अमेरिकेत १९८८ मध्ये आलं. ते वाढीचा काळ लांबवतं, डीएचटीला अडवत नाही, म्हणून सोडलं की काही महिन्यांत कमावलेलं जातं. सुरुवातीच्या आठवड्यांत गळती वाढते, त्यालाच घाबरून अर्धे लोक बाटली टाकतात. घरात मांजर असेल तर बाटली आणि ओली उशी तिच्यापासून लांब ठेवा. मांजरांना ते विषारी आहे.

आणि तेलं? मालिश छान वाटते, केस मऊ होतात. 'डीएचटी ब्लॉकर' असं छापलेल्या बाटलीकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

केस लावून घेतले तर त्यांनाही हे हार्मोन खाणार नाही का?

चांगली शंका आहे, आणि तिचं उत्तर १९५९ मध्ये नॉर्मन ओरेन्ट्राइक या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दिलं. मानेवरच्या पट्ट्यातलं मूळ पुढे कपाळावर लावलं तरी ते आपला मूळचा स्वभाव ठेवतं. डीएचटी तिथेही तेवढंच असतं, पण हे मूळ त्याला दाद देत नाही. सगळं प्रत्यारोपण याच एका गोष्टीवर उभं आहे.

जाहिरातीत जे येत नाही ते असं: लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या शेजारचे जुने, संवेदनशील केस जातच राहतात. बाविसाव्या वर्षी पुढची ओळ भरून घेतलेल्या मुलाच्या डोक्यावर पस्तिशीत पुढे एक पट्टी आणि मागे मोकळं मैदान राहू शकतं. आणि मागच्या पट्ट्यातला साठा मोजका असतो, तो एकदाच खर्चता येतो. हे काम कोण करतंय हेही विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की ते प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचं आहे.

सगळंच हार्मोनचं नसतं

रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा एका रात्रीत दिसला तर ती चाई. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मुळावर उठते. खवले आणि खाज असलेला चट्टा लहान मुलात बहुधा बुरशीचा असतो. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत बाया-माणसं-पोरं यांचे केस तीन-चार दिवसांत मुठीमुठीने हातात आले, तेव्हाही हार्मोनचा संशय घेणं चुकीचंच ठरलं असतं. अख्ख्या गावाचं हार्मोन एका आठवड्यात बिघडत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम जास्त असल्याचं आणि रेशनच्या गव्हावर संशय असल्याचं त्यांनी सांगितलं. डीएचटी असं घाई करत नाही, त्याला वर्षं लागतात.

रक्त द्यायचंच असेल तर

पंचवीस-तिशीतल्या पुरुषाचं कपाळ किंवा भोवरा वर्षानुवर्षं हळूहळू मागे जात असेल, बाकी तब्येत ठीक असेल, तर हार्मोनच्या पॅकेजशिवाय चालतं. पैसे त्वचारोगतज्ज्ञाच्या फीवर घालावेत. डोकंभर गळत असेल तर टीएसएच, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. पाळीच्या तक्रारी असलेल्या बाईने पुरुषी हार्मोन तपासताना पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी रक्त द्यावं. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर आकडे बदलतात, ते आधी सांगावं.

आणि केसांसाठी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या. त्यांच्यामुळे लॅबच्या काही यंत्रांवर थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो: ग्रंथी ठणठणीत असताना ती जास्त काम करते आहे असं दिसतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्येच याचा इशारा दिला होता. केस गळतात म्हणून बायोटिन, बायोटिनमुळे टीएसएच चुकीचा, आणि त्यावरून थायरॉइडची औषधं, असा फेरा टाळायचा असेल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती गोळी बंद ठेवा, आणि फॉर्म भरून घेणाऱ्याने विचारलं नाही तरी सांगा.